दुसऱ्या शनिवारचा आदला दिवस

सकाळी ८.४०

"मॅडम, रात्री दोनदा लाइट गेली होती. जनरेटर उशिरा चालू झाला."

दिवसातला पहिला अहवाल शिपाईमामांचा. यंत्राच्या अहवालाआधी तो मिळतो आणि बहुतेक वेळा जास्त खरा असतो. मुख्य कचेरीचं शटर अजून अर्धंच वर असतं, मामा झाडत असतात, आणि मी स्ट्राँग रूमशेजारच्या सर्व्हर रूममध्ये शिरते. एसीचं तापमान, यूपीएसची बॅटरी, आणि मग रात्रीचा बॅकअप.

आमची नागरी सहकारी बँक आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची. दूधवाले, ऊसवाले, व्यापारी, पेन्शनर असे खातेदार. आयटी विभाग म्हणजे मी आणि एक हुशार पण झोपाळू मदतनीस. 'सायबर सुरक्षा' म्हटलं की लोकांना अंधाऱ्या खोलीत हिरवी अक्षरं पळताना दिसतात. माझ्या दिवसात बहुतेक वेळ फोन उचलण्यात, याद्या जुळवण्यात आणि 'नाही' म्हणण्यात जातो.

बॅकअपपुढे हिरवी खूण आली म्हणजे बॅकअप झाला, असं मी धरत नाही. त्यातून एखादी फाइल परत काढून ती उघडते का हे पाहिलं, तरच तो झाला. आमचा नियम जुनाच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक इमारतीबाहेर. त्यात आम्ही एक भर घातली. एक प्रत कुठल्याच संगणकाला जोडलेली नसते, ती दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत असते. रॅन्समवेअर आत शिरलं की हाती लागेल ते सगळं कुलूपबंद करतं, आणि जोडून ठेवलेला बॅकअप सगळ्यात आधी त्याच्या हाती लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या रुग्णालयाचे सर्व्हर बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंत सगळं कागदावर चाललं. घरच्यासाठीही हाच हिशोब धरा. मुलांचे फोटो आणि घराची कागदपत्रं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवा.

९.१५

लॉग वाचायला बसते. रात्री कोण कुठून आत आलं, कोणाचा पासवर्ड किती वेळा चुकला, फायरवॉलने काय अडवलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे हे लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एका सरकारी वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. घड्याळांचं कलम अनेकांना सरकारी हट्ट वाटतं. एटीएममधल्या कॅमेऱ्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे असेल, तर पैसे काढणारा कोण आणि त्याच्यानंतर आत शिरलेली बाई कोण, हे पोलिसांपुढे सिद्ध करताना काय होतं ते ज्याने पाहिलं आहे तो असं म्हणत नाही.

मग माझी आवडती यादी. आज रजेवर कोण आहे ते आस्थापना विभाग कळवतो, आणि मी ती यादी लॉगिनच्या यादीशेजारी ठेवते. माणूस तुळजापूरला आणि त्याचा युजर आयडी मार्केट यार्ड शाखेत कामावर, असं दिसलं की मी फोन उचलते. बहुतेक वेळा चोर नसतो. साहेबांनी जाताना पासवर्ड सांगून ठेवलेला असतो, काम अडू नये म्हणून. पण एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, ही मेकर-चेकरची पद्धत बँकेने ज्या कारणासाठी ठेवली, तेच कारण त्या क्षणी संपतं. उद्या त्या आयडीवरून काही झालं तर सही साहेबांचीच लागते, हे सांगितलं की पासवर्ड त्याच दिवशी बदलतो. उपदेशाने तो कधी बदललेला मी पाहिलेला नाही.

निवृत्त झालेल्यांचे आयडी मी निरोप समारंभाच्या दिवशीच बंद करते. नारळ-शाल दुपारी, आयडी संध्याकाळी. एक अधिकारी रागावले होते, 'एवढी काय घाई' म्हणून.

१०.४०

शाखा उघडल्या. फोन वाजला.

"मॅडम, मी काहीतरी उघडलं."

"कधी?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील. आयकर खात्याची नोटीस म्हणून मेल होती, त्यात एक फाइल होती."

"संगणकाच्या मागची नेटवर्कची केबल काढ. संगणक बंद करू नकोस. मेल डिलीट करू नकोस. आणि घाबरू नकोस."

ही मुलगी लागून वर्ष झालेलं नाही. मी तिला सांगितलं त्या क्रमालाही अर्थ आहे. केबल काढली की रोग त्या एका यंत्रापुरता राहतो. संगणक चालू ठेवला की त्याच्या स्मृतीत काय चाललं आहे ते पाहता येतं, बंद केला की ते पुसलं जातं. मेल ठेवली की ती कुठून आली आणि आणखी कोणाला आली हे शोधता येतं. मदतनीस मोटारसायकलवरून निघाला, मी तिचा आयडी इथून बंद केला, आणि मेल सर्व्हरवर पाहिलं तर आणखी दोन शाखांत तीच मेल येऊन पडली होती, न उघडलेली. ती काढली. तासाभरात निदान झालं: अँटिव्हायरसने फाइल उघडतानाच अडवली होती. तरीही त्या संगणकावर सगळं नव्याने घालायचं ठरवलं. अर्धा दिवस तिला शेजारच्या काउंटरवर बसावं लागेल, एवढंच.

फाइल खरोखर आत शिरली असती, तर लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणं आम्हाला बंधनकारक झालं असतं. त्या सहा तासांतला पहिला तास बहुतेक ठिकाणी कशात जातो? 'साहेबांना सांगू की नको' यात. म्हणून इथे रुजू झाल्यावर मी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून जे पहिलं परिपत्रक काढून घेतलं, ते फायरवॉलबद्दल नव्हतं. त्यात दोन वाक्यं होती. चुकून काही उघडलं आणि लगेच कळवलं, तर कोणालाही मेमो मिळणार नाही. लपवलं, तर मिळेल. यावर एका ज्येष्ठाने 'मग सगळेच उघडत बसतील' अशी शंका काढली होती. तसं झालं नाही. फोन मात्र लवकर येऊ लागले. माझ्या मते त्या परिपत्रकाने जेवढं काम केलं, तेवढं आम्ही विकत घेतलेल्या कुठल्याही खोक्याने केलेलं नाही.

११.३०

सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर. त्याला दूरून आमच्या सर्व्हरवर यायचं आहे, 'पाच मिनिटांचं काम' आहे. तक्रार क्रमांक दे, काय करणार ते लिहून पाठव, मी वाट उघडते, तू करत असताना पडद्यासमोर बसते, झालं की बंद करते. तो वैतागतो. दर वेळी वैतागतो.

जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून त्या कंपनीला पेमेंटच्या जाळ्यातून काही काळ बाजूला काढलं. सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार त्या काळात अडले. त्या बँकांपैकी कोणाच्या दाराला कुलूप नव्हतं, असं नव्हे. दार सामाईक होतं.

१२.१०

गुरुजी आले. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा सदरा, हातात पासबुक. काउंटरवर पासबुक भरून घेतलं, शेवटच्या ओळी पाहिल्या आणि तिथेच बाकावर बसले. शाखाधिकाऱ्यांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"ताई, हे पैसे मी काढलेले नाहीत."

काल संध्याकाळी पुतण्याच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप आलं होतं: आरटीओ चलन, खाली एक फाइल. गुरुजींची स्कूटर आहे, सिग्नल तोडल्याची शंकाही मनात होती. त्यांनी फाइल उघडली. फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप टाकू का, त्यांनी हो म्हटलं. अ‍ॅपने विचारलं, तुमचे एसएमएस वाचू का, तेव्हाही हो. चलन काही दिसलं नाही, तेव्हा नेट मंद असेल म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. रात्री साडेदहाच्या सुमारास ओटीपी येत होते, ते दुसरीकडे जात होते. पुतण्याने काहीच पाठवलेलं नव्हतं. त्याचा फोन आधीच त्याच अ‍ॅपच्या ताब्यात गेला होता आणि संपर्कयादीतल्या प्रत्येकाला चलन वाटत सुटला होता.

"रात्री मेसेज दिसला नाही का, गुरुजी?"

थोडा वेळ ते गप्प होते. "दिसला. अकराला दिसला."

"मग?"

"मुलगा झोपला होता. आणि... चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, बघून चाला. त्याला काय सांगणार होतो?"

रात्री अकरा ते दुपारी बारा. तेरा तास.

बोलत बसायला वेळ नव्हता. त्यांचा फोन फ्लाइट मोडवर टाकला. खात्यातून पैसे जाणं बंद केलं. माझ्या टेबलावरच्या फोनवरून १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन, लावली. समोरून विचारतात ते सगळं आधी कागदावर काढलं: नोंदवलेला मोबाइल नंबर, खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक. हा क्रमांक लोकांना माहीत नसतो, म्हणून सांगते: बँकेच्या एसएमएसमध्ये, पासबुकात किंवा यूपीआय अ‍ॅपच्या 'हिस्टरी'त तो असतो. तक्रार नोंदली गेली, पोचक्रमांक मिळाला, आणि मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर बाकीचा तपशील भरला. शेवटी फोन. त्या अ‍ॅपचं आणि मेसेजचं छायाचित्र दुसऱ्या फोनने काढून ठेवलं. पोलिसांत जाऊन आल्यावर फोन पूर्ण कोरा करायचा आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलायचे, हे लिहून दिलं.

१९३० वर फोन केल्यावर नेमकं काय होतं हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तिथला माणूस तक्रार एका यंत्रणेत भरतो, आणि ती पैसे ज्या बँकेत गेले तिच्यापर्यंत त्याच वेळी पोचते. पैसे अजून तिथे असतील तर ती बँक ते अडवते. पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवते. चोरांकडे भाड्याने घेतलेली खाती असतात. कोणा विद्यार्थ्याचं, कोणा मजुराचं खातं, महिन्याला काही हजारांवर. रक्कम एकातून तिघांत, तिघांतून दहांत फुटते आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून रोख होऊन बाहेर पडते. हे सगळं तासाभरात उरकतं.

नियमाचं एक अंग आणखी आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रकं काढून ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. सहकारी बँकांसाठीचं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं. दोष ना ग्राहकाचा ना बँकेचा, अशा प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला काही भरावं लागत नाही. दोष ग्राहकाचा असला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतर एक रुपया गेला तरी तो बँकेने सोसायचा. म्हणजे फोन करायला लागणारा प्रत्येक तास ग्राहकाच्या खिशातून जातो.

गुरुजी निघताना म्हणाले, "मुलाला तुम्हीच सांगाल का?" मी फोन लावून दिला, पण बोलायला त्यांनाच लावलं. मुलगा रागावला नाही. 'बाबा, मला उठवायचं होतंत ना,' एवढंच म्हणाला.

१.४५

डबा. जेवतानाही सल्लाकेंद्र चालू असतं. कर्जविभागाच्या मॅडमना त्यांच्या सासूबाईंना आलेल्या व्हिडिओ कॉलबद्दल विचारायचं होतं: पोलिसी वेषातला माणूस, मागे अशोकस्तंभ, 'तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीबाहेर जायचं नाही'. अशी अटक भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हे सांगितलं. तरी माणसं तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसून राहतात, कारण 'कोणाला सांगितलंत तर मुलालाही आत घेऊ' ही पहिलीच ताकीद असते. चोरालाही ठाऊक आहे की बाजूच्या खोलीतला माणूस त्याचा खरा शत्रू आहे.

बाकीचं भराभर. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, सहा आकडी पिन मागते ती. आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवा, लागेल तेव्हा उघडा. लॉजवाल्याला आधारची झाकलेल्या आकड्यांची प्रत द्या. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फोनवर स्टार-हॅश-एकवीस-हॅश लावून तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना ते पाहा. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, पासबुकावर छापलेला आहे. आमच्या संकेतस्थळाचं नावही आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतं. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तिकडे जायला सांगितलं होतं, आणि ते नाव बँक नसलेल्या कोणाला मिळत नाही. पासवर्डचं विचाराल, तर लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, मनातल्या मनात गमतीदार चित्र होईल असे. आराध्य दैवत आणि एक-दोन-तीन ही जोडी सोडा. आमच्या बँकेत एके काळी निम्म्या पासवर्डांत गणपती होता.

२.४०

आरटीजीएस काउंटरवरून बोलावणं. एक व्यापारी, चांगले खातेदार, कोइमतूरच्या पंपाच्या सुट्या भागांचे मोठे गिऱ्हाईक. रक्कम मोठी, लाभार्थी खातं नवं. पुरवठादाराची मेल त्यांनी छापून आणली होती: 'लेखापरीक्षणामुळे आमचं जुनं खातं तात्पुरतं बंद आहे, यापुढे खालील खात्यावर भरणा करावा.' भाषा नेहमीची, शिक्का नेहमीचा, बिलाचा क्रमांकही बरोबर.

"मॅडम, माल गोडाऊनला अडलाय. आज पैसे नाही गेले तर सोमवारपर्यंत लटकलो."

"शेठ, त्यांना फोन केलात?"

"मेलवरच बोलणं झालं की."

मेलचा पत्ता मी बोटाने अक्षर अक्षर वाचून दाखवला. कंपनीच्या नावात इंग्रजी 'एम' आहे. मेलमध्ये त्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी होते. लहान अक्षरांत, चष्म्याशिवाय, दोन्ही अगदी सारखे दिसतात. मेलखाली दिलेला फोन नंबर लावायचा नाही, तो चोरानेच दिलेला असतो. जुन्या बिलावरचा नंबर काढला आणि लावला. पलीकडच्या बाईंना कुठल्याही बंद खात्याची कल्पना नव्हती.

आरटीजीएस आणि एनईएफटीत पैसे जातात ते खाते क्रमांकावर. नाव लिहिलेलं असतं, पण वर्षानुवर्षं ते कोणी जुळवून पाहत नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे एप्रिल २०२५ पासून पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांना द्यावी लागते. नाव दिसलं तर वाचा, एवढीच विनंती. शेठ 'तो मेलवाला आमची बिलं वाचतोय म्हणजे कोणाची तरी मेल फुटलीय' असं स्वतःच म्हणाले. बरोबर होतं. त्यांची की पुरवठादाराची, ते शोधायला दोघांनी पासवर्ड बदलून मेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्ड'चा कुठला गुपचूप नियम घातला आहे का, हे पाहायला सांगितलं.

४.००

पॅच. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आज दोन संगणकांवर चाचणी, सोमवारपासून शाखांत. कंटाळवाणं काम. पण २०१७ ची तारीखवार गोष्ट मला पाठ आहे. १४ मार्चला विंडोजची दुरुस्ती आली. १२ मेला तेच भोक वापरून वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरलं. २७ जूनला, म्हणजे दुरुस्ती येऊन तीन महिने उलटल्यावर, नॉटपेट्या आलं आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं.

आमच्याकडे पासबुक प्रिंटर आहेत, दणकट, आणि त्यांचा ड्रायव्हर जुन्याच विंडोजवर चालतो. विंडोज १० ची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नवे प्रिंटर मंजूर होईपर्यंत ते संगणक बाकीच्या जाळ्यापासून तोडून ठेवले आहेत: इंटरनेट नाही, मेल नाही, पेन ड्राइव्ह नाही. फक्त पासबुक.

५.१५

संचालक मंडळाच्या उपसमितीची बैठक. माझ्या मागणीत दोन गोष्टी: प्रिंटर, आणि सुट्टीच्या दिवशीही एटीएमच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी सेवा. एक संचालक, शेतकरी माणूस, सरळ विचारतात, "आपल्याकडं कोण यायलंय हो? आपण एवढीशी बँक."

अशा वेळी मी पुण्याला जाते. कॉसमॉस सहकारी बँक, ११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दुपारपासून २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर पैसे निघू लागले, सुमारे ७८ कोटी परदेशात आणि अडीच कोटी भारतात. भारतातल्या रकमेत कोल्हापूरच्या एटीएममधून काढलेले पैसेही होते. सोमवारी, १३ तारखेला, परदेशी पैसे पाठवण्याच्या 'स्विफ्ट' यंत्रणेवरून आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेत गेले. एकूण ९४ कोटींवर.

कसं झालं, हे त्यांना खरं ऐकायचं असतं. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता. मागणी जाळ्यातून बँकेच्या 'स्विच'कडे येते. स्विच मुख्य प्रणालीला विचारतो, या खात्यात एवढे आहेत का, आणि 'आहेत' आलं की नोटा बाहेर. चोरांनी मधल्या स्विचच्या जागी स्वतःचा नकली स्विच बसवला. मागणी आली की तोच 'द्या' म्हणायचा. मुख्य प्रणालीला कोणी विचारलंच नाही. म्हणून एकाही खातेदाराची शिल्लक कमी झाली नाही, आणि म्हणूनच कुठलाही खातेदार ओरडला नाही. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या चोरीचा धागा उत्तर कोरियापर्यंत नेला. चोरीच्या आदल्याच दिवशी, शुक्रवारी, अमेरिकेच्या एफबीआयने अशा एटीएम-लुटीचा गोपनीय इशारा बँकांना पाठवला होता.

वाराची निवड नवी नव्हती. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेले ते गुरुवारी रात्री. शुक्रवारी ढाक्याला सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्कला, सोमवारी चिनी नववर्षाची मनिलात.

"म्हणजे उद्या," संचालक म्हणाले.

सेवा मंजूर झाली. प्रिंटर पुढच्या बैठकीत.

६.३०

दारोदार रोजची बचत गोळा करणारे पिग्मी एजंट हिशोब द्यायला येतात. त्यांचं यंत्र म्हणजे आता मोबाइल. एकाच्या फोनला कुलूप नाही, कारण घरी नातू खेळतो. बँकेचं अ‍ॅप असलेल्या फोनवर नातू खेळणार नाही, हे मी नातवाच्या आजोबांना समजावून सांगते. अवघड वाटाघाटी.

७.२०

डे-एंड. शाखांचे आकडे बंद होत येतात, आणि मी एटीएम स्विचने दिलेल्या नोटा, मुख्य प्रणालीत नोंदलेल्या नोटा आणि यंत्रात प्रत्यक्ष उरलेल्या नोटा यांची जुळवणी बघते. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. कॉसमॉसनंतर या जुळवणीला मी रोज बसते, दुसऱ्या दिवसावर ढकलत नाही. उद्यासाठी एटीएमची दिवसाची कमाल मर्यादा खाली आणली, परदेशी व्यवहार बंद आहेत हे पुन्हा तपासलं. सुट्टीत कोणाला फोन करायचा त्याची यादी कागदावर छापून वॉचमनच्या टेबलावर, मामांकडे आणि माझ्या घरच्या फ्रिजवर लावली आहे. संगणक बंद पडला तर संगणकातली यादी कोण वाचणार?

निघता निघता गुरुजींच्या तक्रारीवर दुसऱ्या बँकेचा निरोप आला. थोडी रक्कम एका खात्यात अडली आहे. ती परत मिळायला पोलीस आणि न्यायालयाची प्रक्रिया होईल. उरलेली मोठी रक्कम रात्री पावणेबारा ते साडेबाराच्या दरम्यान एटीएममधून रोख काढली गेली होती. अकराला गुरुजींना मेसेज दिसला होता.

तेव्हा वाचणाऱ्यांना एकच मागणं. आई-वडिलांच्या, सासू-सासऱ्यांच्या फोनमध्ये १९३० हा नंबर आजच नाव घालून साठवून द्या, आणि तुमच्या बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबरही. त्यांना सांगा की रात्री कितीही वाजले असले तरी तुम्हाला उठवायचं. आणि घरातलं कोणी असं काही सांगायला आलं, तर आधी फोन लावा. कसं झालं ते नंतर विचारा.